रोममध्ये मित्रांबरोबर तीन दिवस: आधी काय ठरवायचं, तिथे काय बघायचं

रोम तीन दिवसांत होतं. सगळं नाही होत, पण ज्यासाठी माणूस एवढ्या लांब जातो ते नक्की होतं. कारण जुनं रोम आकाराने लहान आहे. कलोसियम या प्राचीन आखाड्यापासून पँथिऑन या जुन्या रोमन देवळापर्यंत रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासात पोहोचता, आणि पँथिऑनपासून व्हॅटिकन साधारण तेवढंच. वेळ जातो तो रांगांमध्ये, आणि भर चौकात उभं राहून ‘आता कुठे?’ यावर चाललेल्या चर्चेत. चार मित्र असले की ही चर्चा जेवणाची वेळ टळेपर्यंत चालते.

त्यामुळे माझं सांगणं असं: दोनच गोष्टींच्या वेळा घरून निघण्याआधी पक्क्या करा, कलोसियम आणि व्हॅटिकन म्युझियम. दोन्ही वेगळ्या दिवशी, दोन्ही सकाळी. बाकीचं रोम या दोन खुंट्यांना टांगायचं. दुपार मोकळी ठेवायची, आणि चोवीस तास सगळ्यांनी एकत्रच राहायचं हा हट्ट सोडायचा. ज्याला चित्रं बघायची आहेत त्याने चित्रं बघावीत, ज्याला झोपायचं आहे त्याने झोपावं, संध्याकाळी ठरल्या जागी भेटावं. मित्रांची सहल अशीच निभते.

व्हिसा: चौघांचा एक नसतो

भारतीय पासपोर्टवर इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. हल्ली मित्रांचा ग्रुप एका गावातून निघतोच असं नाही. दोघं पुण्याहून, एक लंडनहून, एक म्युनिकहून असं जमतं. यात म्युनिकवाल्याकडे जर्मनीचा रहिवासी परवाना असेल तर त्याला वेगळा व्हिसा नको. लंडनवाल्याला मात्र लागतो, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. हे त्याला आठवणीने आणि वेळेवर सांगा, कारण लंडनला राहणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. त्या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. एप्रिल-मेमध्ये निम्मा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही. दोन-अडीच महिने आधी कामाला लागा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान ३ महिने वैध असावा, १० वर्षांपेक्षा जुना नसावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

ग्रुपमध्ये नेमकं काय चुकतं? एक जण सगळ्यांचं हॉटेल बुक करतो आणि बुकिंगवर त्या एकाचंच नाव येतं. मग बाकीच्या तिघांच्या अर्जात राहण्याचा पुरावाच नसतो. बुकिंग करतानाच चौघांची नावं घालायला सांगा. बँक स्टेटमेंट ज्याचं त्याने जोडायचं. अर्जासोबतच्या पत्रात चौघांनी त्याच तारखा आणि तोच कार्यक्रम लिहायचा. सर्वांत महत्त्वाचं, चौघांचे व्हिसा हातात येईपर्यंत सगळी बुकिंग रद्द करता येतील अशीच ठेवायची. एखाद्याचा व्हिसा नाकारला गेला तर काय करायचं, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. तेव्हा बोलायला गेलं की मनं दुखावतात.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात वेळ लागू शकतो. विमान उतरल्यावर तासाभरात कुठलं तिकीट ठेवू नका.

कधी जायचं, कोणते वार धरायचे

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर हे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३५ अंशांच्या वर जातं, फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, सावली नसते, आणि १५ ऑगस्टच्या आसपास रोमकर स्वतःच सुट्टीवर गेल्यामुळे बरीच चांगली खाणावळवजा हॉटेलं बंद असतात. हिवाळा स्वस्त पडतो, पण दिवस लहान. कलोसियम दुपारी साडेचारलाच बंद होतं.

वारांचं गणित जास्त महत्त्वाचं. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते फुकट उघडतं, पण तेव्हाची गर्दी बघून परत फिरावंसं वाटतं. बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर भेटीमुळे सेंट पीटर्स बॅसिलिका या व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चमध्ये जाता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी कलोसियम आणि पँथिऑन फुकट, म्हणजे पुन्हा तीच गर्दी. चौघांचे मिळून काही युरो वाचवण्यासाठी सकाळ घालवू नका. माझ्या मते सर्वांत सुटसुटीत आखणी अशी: बुधवारी संध्याकाळी पोहोचायचं, गुरुवारी प्राचीन रोम, शुक्रवारी व्हॅटिकन, शनिवारी मध्य रोम, रविवारी परत.

तिकिटं काढताना

कलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ३० दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरोंचं. त्यात फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते आणि ते २४ तास चालतं. कलोसियममध्ये शिरण्याची वेळ मात्र ठरलेली असते. तिकिटावर प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं आणि दारात ओळखपत्राशी ते ताडून बघतात. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, स्पेलिंगही घरोघरी वेगळं. तिकीट काढणाऱ्याने ‘मला माहीत आहे रे तुझं नाव’ म्हणून अंदाजाने भरू नये. चौघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो मागवून त्याबरहुकूम भरावं.

पहिली वेळ, म्हणजे सकाळी साडेआठ, मिळाली तर डोळे मिटून घ्या. अधिकृत तिकिटं संपल्यावर बाहेरच्या कंपन्या दुप्पट-तिप्पट दराने गाइडसह तिकीट विकतात. गाइड चांगला असेल तर ते पैसे वाया जात नाहीत, पण आपण नेमकं काय विकत घेतोय हे नीट वाचा. काही ठिकाणी फक्त फोरमचं तिकीट कलोसियमच्या फोटोखाली विकलेलं असतं.

व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट २० युरो, ऑनलाइन बुकिंगचे ५ वेगळे. तेही अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. ते ५ युरो म्हणजे भिंतीला लागून दोन-दोन तास उभं न राहण्याची किंमत आहे. पँथिऑनला जुलै २०२३ पासून ५ युरोंचं तिकीट आहे. ग्रुपमध्ये कुणाला शिल्पकलेचं खरंच वेड असेल तर बोर्गेझे गॅलरीचं आगाऊ आरक्षण करा. तिथे दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात, आरक्षणाशिवाय घेत नाहीत आणि सोमवारी बंद असतं. शिल्पकार बेर्निनीचं अपोलो आणि डॅफ्नीचं शिल्प तिथे आहे. झाड होत चाललेल्या डॅफ्नीच्या बोटांना पानं फुटताना संगमरवर इतका पातळ झालाय की तो दगड आहे यावर विश्वास बसत नाही. पण ज्यांना वेड नाही त्यांना ओढून नेऊ नका.

मुक्काम कुठे

चौघांसाठी दोन पर्याय: दोन खोल्या, नाहीतर दोन बेडरूमचा फ्लॅट. फ्लॅट घेतलात तर बाथरूम दोन आहेत ना एवढं नक्की बघा. सकाळी साडेआठचं तिकीट आणि एक बाथरूम हे जमत नाही. स्वयंपाकघर मिळालं तर शाकाहारी मंडळींची सोय होते. लिफ्ट आहे का तेही विचारा. जुन्या इमारतींत ती नसते, किंवा एक माणूस आणि एक बॅग मावेल एवढीच असते.

मोंती भाग मला सर्वांत आवडतो. कलोसियम चालत, मेट्रो जवळ, गल्ल्या जुन्या. व्हॅटिकनजवळचा प्राती शांत, रुंद रस्त्यांचा, मेट्रोच्या ए लाइनवर. तेर्मिनी स्टेशनच्या आसपास स्वस्त पडतं आणि पहाटेची ट्रेन पकडायला बरं, पण रात्री परतताना तो भाग तितकासा प्रसन्न नाही. त्रास्तेव्हेरे दिसायला देखणं, पण तिथे मेट्रो नाही आणि रात्री दोनपर्यंत खिडकीखाली गप्पा चालतात. खोलीच्या भाड्याशिवाय दर माणशी दर रात्री पालिकेचा पर्यटन कर द्यावा लागतो, तो बहुधा हॉटेलातच वेगळा घेतात. पासपोर्ट चौघांचे दाखवावे लागतात.

विमानतळावरून शहरात

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत तेर्मिनीला पोहोचते, तिकीट १४ युरो. टॅक्सीचा जुन्या तटबंदीच्या आतला दर ठरवून दिलेला आहे: ५५ युरो, माणशी नव्हे तर गाडीला. म्हणजे चौघांना ट्रेनला ५६ आणि टॅक्सीला ५५. हॉटेल स्टेशनपासून लांब असेल तर टॅक्सीच बरी. फक्त पांढऱ्या, वर फलक असलेल्या अधिकृत टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं. आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्यामागे जायचं नाही. चौघांच्या चार मोठ्या बॅगा एका गाडीत मावत नाहीत, म्हणून तीन दिवसांसाठी केबिन बॅगच न्या. त्रास्तेव्हेरेला उतरणार असाल तर एफएल१ ही लोकल थेट तिथे नेते आणि एक्स्प्रेसपेक्षा स्वस्त आहे.

शहरात बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं. त्यात मेट्रोची एकच फेरी बसते. बँकेचं कार्ड थेट दारावर टेकवूनही जाता येतं, पण ज्याने त्याने आपापलं कार्ड टेकवायचं. कागदी तिकीट घेतलं तर बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड बसतो.

पोहोचलात त्या संध्याकाळी काहीही ‘बघायचं’ नाही. बॅगा टाका, जेवा, रात्री पियात्सा नव्होना या चौकापर्यंत पाय मोकळे करून या आणि झोपा.

पहिला दिवस: प्राचीन रोम

मेट्रोच्या बी लाइनवर कोलोसेओ स्टेशनातून बाहेर पडलं की कलोसियम एकदम अंगावर येतं. वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. स्टेशनच्या वरच्या अंगाला एक कठडा आहे. तिथून इमारत पूर्ण फोटोत येते, आणि सकाळी आठला तिथे जागाही मिळते.

सम्राट व्हेस्पेशियनने हे बांधायला घेतलं आणि इ.स. ८० मध्ये त्याच्या मुलाने, टायटसने त्याचं उद्घाटन केलं. सुमारे ५०,००० माणसं बसत. आत शिरण्याआधी बाहेरच्या भिंतीला हात लावता येईल इतकं जवळ जा. दगडांत जागोजागी मुठीएवढी भोकं दिसतील. दोन दगड जोडायला चुना नव्हता, आत लोखंडी आकडे होते. पुढे मध्ययुगात लोकांनी दगड पोखरून ते लोखंड काढून नेलं. आकडे गेले, तरी भिंत उभीच राहिली. आतमध्ये सव्वा तास पुरतो.

बाहेर पडून कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरून डावीकडच्या रस्त्याने पॅलेटाइन टेकडीच्या दाराने शिरा. बहुतेक लोक थेट फोरममध्ये उतरतात. तुम्ही आधी टेकडी चढा, कारण अकराच्या उन्हात चढणं नको, आणि वरच्या बागेच्या कठड्यावरून अख्खा फोरम नकाशासारखा पायाखाली दिसतो. खाली कुठे काय आहे ते वरूनच समजून घ्या, मग उतरा.

फोरममध्ये दगडच दगड आहेत आणि अर्ध्या तासात सगळे सारखेच दिसायला लागतात. म्हणून चारच ठिकाणी थांबा. टायटसच्या कमानीच्या आतल्या बाजूला जेरुसलेम लुटून आणलेली सात शाखांची समई खांद्यावरून नेणारे सैनिक कोरलेत. सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फॉस्टिना यांच्या देवळाचं पुढे चर्च झालं. त्या चर्चचा दरवाजा आज जमिनीपासून कितीतरी वर, हवेत लटकलेला आहे. चर्चचं दार बसवलं तेव्हा जमीन तिथे होती. मधल्या शतकांचा गाळ आणि राडारोडा नंतर उपसून काढला. ज्युलियस सीझरचं दहन झालं त्या जागी मातीचा एक उंचवटा आहे आणि त्यावर आजही लोक फुलं ठेवून जातात.

आणि चौथं ठिकाण मॅक्सेन्शियसची बॅसिलिका. तिच्या तीन प्रचंड कमानी सगळे बघतात. मला मात्र जमिनीखालचं जास्त ओढतं. तिथे सम्राट डोमिशियनच्या काळातली मसाल्याची कोठारं होती, मिऱ्यांच्या नावानेच ओळखली जाणारी. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून येत. या व्यापाराच्या खुणा आपल्या दारातही आहेत: सोपारा, कल्याण, तेर ही नावं त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत, आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियमने जपली आहे. रोमला जाण्याआधी ती बघून आलात तर या कमानींखाली उभं राहणं वेगळंच वाटेल.

फोरममधून बाहेर पडून रस्त्यापलीकडे मोंतीत जेवा. रोममधली बरीच चर्च साडेबारा ते तीन-चार बंद असतात, त्यामुळे घाई नाही. तीननंतर जवळच्या सान पिएत्रो इन व्हिंकोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा बघा, प्रवेश फुकट. मग सान क्लेमेंते. ही जागा मी कधीही चुकवू देणार नाही. वर बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरलात की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी उतरलात की प्राचीन रोमची गल्ली, घराच्या भिंती आणि मिथ्रास नावाच्या देवाचं गुहेसारखं देऊळ. सर्वांत खाली कान दिलात तर भिंतीपलीकडे वाहत्या पाण्याचा आवाज येतो. खाली जायला तिकीट आहे, फोटोला बंदी आहे, आणि उन्हाळ्यातही थंडी वाजते.

दमलेल्यांनी इथून खोलीवर जावं. सूर्यास्ताला पुन्हा एकत्र या कॅपिटोलाइन टेकडीवर. चौकाची आखणी मायकेलअँजेलोची. मधल्या राजवाड्याच्या बाजूने मागे गेलात की कठड्याखाली फोरम, आता रिकामा आणि दिव्यांत. याला एक पैसा लागत नाही.

दुसरा दिवस: व्हॅटिकन

आज लवकर उठायचं. सेंट पीटर्स बॅसिलिका सकाळी सातला उघडते, आणि सातला सुरक्षा तपासणीच्या रांगेत तुमच्यापुढे मोजकी माणसं असतात. दहाला तीच रांग चौकाला वळसा घालते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. हाफ पँट घालून आलेल्या मित्रासाठी कुणी थांबत नाही. एक ओढणी किंवा पंचा बॅगेत असू द्या.

आत उजव्या हाताला पहिलंच मायकेलअँजेलोचं पिएता, मांडीवर मृत येशू घेतलेली मेरी. विशीतल्या मुलाने केलेलं काम आहे ते. १९७२ मध्ये एकाने हातोडा घालून तोडफोड केल्यापासून ते काचेमागे आहे. मग घुमट. पूर्ण चढायचा तर ५५१ पायऱ्या. गच्चीपर्यंत लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात. शेवटच्या टप्प्यात घुमटाची भिंत आत कलत येते आणि अंग तिरकं करून चढावं लागतं. जागा एका माणसाची, मागे फिरायची सोय नाही. ज्याला बंद जागेत घाबरायला होतं किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्याने खालीच थांबावं, आणि बाकीच्यांनी त्याला आग्रह करू नये. त्याने तेवढ्या वेळात चौकात जाऊन फरशीवरची गोल तबकडी शोधावी. बेर्निनीच्या खांबांच्या चार रांगा आहेत. त्या तबकडीवर उभं राहिलं की चारही एकामागे एक लपतात आणि एकच रांग दिसते.

म्युझियमचं तिकीट साडेदहाच्या सुमाराचं काढलेलं असावं. त्याचं दार बॅसिलिकाला लागून नाही, तटाला वळसा घालून पंधरा मिनिटं चालावं लागतं. मध्ये नाश्ता करा. आत गर्दी एका दिशेने वाहते, मागे येता येत नाही. म्हणून थांबायचं कुठे ते आधी ठरवा: १५०६ मध्ये सापडलेलं लाओकोऑनचं शिल्प, नकाशांचं १२० मीटर लांबीचं दालन, चित्रकार राफाएलने रंगवलेल्या खोल्या, आणि सिस्टाइन चॅपेल. चॅपेलच्या छतावरचं चित्रकाम मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये केलं आणि समोरच्या भिंतीवरचा ‘अंतिम न्याय’ १५३६ ते १५४१ मध्ये, म्हणजे वयाच्या साठीत. आत बोलायचं नाही, फोटो नाही. लोक मधोमध मान वर करून पाच मिनिटं उभे राहतात आणि मान अवघडली की निघतात. तुम्ही भिंतीकडेच्या बाकाकडे सरका, कुणी उठलं की बसा, डोकं भिंतीला टेकवा. एक छोटी दुर्बीण चौघांत पुरते. ‘अंतिम न्याय’मध्ये संत बार्थोलोम्यूच्या हातात सोललेलं कातडं आहे, त्यावरचा चेहरा खुद्द मायकेलअँजेलोचा मानतात.

दोनच्या सुमाराला बाहेर याल तेव्हा पाय बोलत असतील. प्रातीत जेवून खोलीवर जा. संध्याकाळी सांत'आंजेलो किल्ल्यासमोरच्या देवदूतांच्या पुलावरून नदीकाठाने त्रास्तेव्हेरेला चालत या आणि तिथल्या सांता मारिया चर्चमधलं सोनेरी मोझेक बघा. जोर उरला असेल तर जानिकोलो टेकडी.

तिसरा दिवस: मध्य रोम, बहुतेक सगळं फुकट

ट्रेव्ही कारंजं सकाळी साडेसहाला. त्यानंतर तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त. हे कारंजं १७६२ मध्ये पूर्ण झालं, पण त्यात येणारं पाणी रोमन सेनापती अग्रिपाने इ.स.पू. १९ मध्ये आणलेल्या पाटाचं आहे. तुम्ही टाकलेलं नाणं गरिबांसाठी काम करणाऱ्या कारितास संस्थेकडे जातं, तेव्हा खुशाल टाका.

तिथून सांत'इन्यात्सिओ चर्च. जमिनीवरच्या खुणेवर उभं राहून वर बघा, घुमट दिसेल. चार पावलं पुढे जा, घुमट वाकडा होतो, कारण तो घुमट नाहीच. पैसे नव्हते की परवानगी नव्हती याच्या कथा अनेक आहेत. आंद्रेआ पोत्सोने सपाट कापडावर घुमट रंगवला हे खरं.

पँथिऑन उघडल्या उघडल्या गाठा. इ.स. १२६ च्या सुमाराचं हे बांधकाम, घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि आत एक लोखंडी सळई नाही. वर वर जाताना काँक्रीटमध्ये हलका ज्वालामुखी दगड वापरत गेले आणि माथ्यावर तर भोकच ठेवलं. पाऊस पडला तर आत पडतो. फरशीला मध्ये किंचित फुगवटा आहे आणि पाणी जायला बारीक छिद्रं आहेत, ती शोधा. राफाएलची समाधी इथेच. मागच्या चौकात पाठीवर दगडी स्तंभ घेतलेला बेर्निनीचा छोटा हत्ती आहे.

पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च. डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात कराव्हाज्जोची संत मॅथ्यूची तीन चित्रं, मूळची, जिथे लावण्यासाठी काढली तिथेच. अंधार असेल तर बाजूच्या पेटीत नाणं टाकायचं, दिवा लागतो. सुटे पैसे जपून ठेवा. पैसे देऊन बघितलेल्या कित्येक दालनांपेक्षा हा एक कोनाडा मला मोठा वाटतो.

मग पियात्सा नव्होना. मधल्या कारंज्यावर बेर्निनीने १६५१ मध्ये चार खंडांच्या चार नद्या बसवल्या. त्यातली एक आपली गंगा. तिला त्याने पुरुष केलंय, हातात लांब वल्हं दिलंय. कारंज्याला पूर्ण प्रदक्षिणा घातलीत की सापडतो.

दुपारी जुन्या ज्यू वस्तीत, आणि शेवटच्या संध्याकाळी अव्हेंटाइन टेकडीवरची संत्र्याची बाग. शेजारीच माल्टाच्या सरदारांचं बंद दार आहे; त्याच्या किल्लीच्या भोकातून सेंट पीटर्सचा घुमट झाडांच्या चौकटीत नेमका दिसतो.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

रोममध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसू शकतो. भोपळ्याची फुलं तळून देतात, तोंडाला पाणी सुटतं. आत चीजबरोबर आंचोव्ही मासा असतो. सुप्ली हे भाताचे तळलेले गोळे दिसायला आपल्या बटाटेवड्याचे भाऊ, पण पारंपरिक सुप्लीत खिमा. कार्बोनारा आणि आमात्रिचानात डुकराच्या गालाचं मांस. ‘सोनो वेजेतारियानो’, मुलीने म्हणायचं तर ‘वेजेतारियाना’, आणि पुढे ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत. फक्त पहिलं म्हणून थांबू नका. अंडं चालत नसेल तर ताजा पास्ता टाळा, सुका घ्या.

निर्धास्त खायचं ते काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि भरपूर मिरी घातलेला पास्ता, ही रोमची खासियत. मात्र पेकोरिनो चीज करताना कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी आणि जैन मित्रांना आधी सांगा. त्यांच्यासाठी पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, तेल, चीज नाही. जैन मित्रांनी लसूणही नको म्हणून सांगायचं. तुकड्यावर मिळणारा पिझ्झा वजनावर विकतात. हाताने ‘एवढा’ दाखवायचं. ज्यू वस्तीतला अख्खा तळलेला आर्टिचोक पाकळ्या कुरकुरीत होईपर्यंत तळतात, तो जरूर खा. तिसऱ्या दिवशी कुणाला फोडणीची आठवण आलीच, तर तेर्मिनीजवळ एस्क्विलिनो बाजारात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, डाळी सगळं मिळतं.

कॉफी उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. कित्येक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती काउंटरवर दाखवायची असते. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मागू नका. पाण्यावर पैसे घालवू नका. शहरभर सुमारे २,५०० सार्वजनिक नळ आहेत, चोवीस तास वाहणारे, पाणी गार आणि गोड. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारक्या भोकातून धार उडते, तिला तोंड लावायचं.

हिशेब आणि जपणूक

तिकिटं आणि खोल्या टीटीएमएम, जेवण आणि टॅक्सी कॉमन पर्समधून. प्रत्येकाने सुरुवातीला सारखी रोकड एका पाकिटात टाकायची आणि रोज एकाने ते सांभाळायचं. जो वाइन घेत नाही त्याच्याकडून वाइनचे पैसे घ्यायचे की नाहीत, हे पहिल्या जेवणाआधी ठरवा. कार्ड प्रत्येकाकडे आपापलं, शक्यतो दोन, वेगवेगळ्या खिशात.

पाकीटमार ६४ नंबरच्या बसमध्ये, तेर्मिनीत आणि मेट्रोच्या ए लाइनवर तयारच असतात. दाराशी अचानक रेटारेटी झाली की बॅग पुढे घ्या. हातात गुलाब किंवा दोरा कोंबणाऱ्यापासून हात मागे. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, दंड होतो. बूट जाड तळाचे घ्या. गल्ल्यांतले काळे चौकोनी दगड पातळ तळव्यातून टोचतात. आणीबाणीला ११२.

बस-मेट्रोचा संप इथे वरचेवर होतो, बहुधा शुक्रवारी. संपातही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ गाड्या चालवतात. व्हॅटिकनला सकाळी सातला पोहोचणाऱ्याला त्याची झळ कमी बसते.

परतीच्या दिवशी खरेदीच्या पावत्या हाताशी ठेवा. एका दुकानात एका वेळी ७० युरोंच्या वर खरेदी केली असेल आणि दुकानदाराकडून करपरतीचा फॉर्म घेतला असेल, तर विमानतळावर कराचा काही भाग परत मिळतो. सामान चेक-इन करण्याआधी कस्टम्सची नोंद करायची असते, कारण वस्तू दाखवा म्हणू शकतात. त्यासाठी विमानाच्या निदान साडेतीन तास आधी पोहोचा, आणि ट्रेनचा संप नाही ना हे आदल्या रात्रीच बघून ठेवा.